जर्मन व्याही घरी जेवायला येताहेत, सुऱ्या-काटे मांडायचे का?

कर्वेनगरची_आई
नमस्कार मंडळी. मुलगी म्युनिकला नोकरी करते, तिथल्याच मुलाशी लग्न ठरलंय. डिसेंबरात तो आणि त्याचे आईवडील पुण्यात येताहेत आणि पहिलं जेवण आमच्या घरी आहे. बेत ठरला: पुरणपोळी, कटाची आमटी, बटाट्याची भाजी, अळूचं फदफदं, मसालेभात, काकडीची कोशिंबीर.

घरात दोन तट पडलेत. आमच्या ह्यांना डायनिंग टेबलावर सुऱ्या-काटे मांडून बोन चायनाचा सेट काढायचाय. सासूबाई म्हणतात, केळीचं पान मांडा, ज्याला हाताने जेवता येत नाही त्याने पोळी खाऊ नये. त्यात जावई डावखुरा. हे सासूबाईंना अजून कुणी सांगितलेलं नाही.

मार्चमध्ये आम्हालाही त्यांच्याकडे जायचंय. सुरी-काटा मला धरता येतो, पण काट्याने भात खायची वेळ कधी आली नाही. "ते समजून घेतील हो" असं कृपया सांगू नका, ते मुलगी रोज सांगते.

पेठेतला_पाहुणा
पानच मांडा. अळूचं फदफदं काट्याने खाणारा माणूस मला एकदा डोळ्यांनी बघायचाय. पत्ता कळवा, येतो.

वाढपी_मावशी
हॉटेल मॅनेजमेंटच्या पोरांना टेबल मांडायला शिकवण्यात माझी सगळी नोकरी गेली, त्यामुळे जरा लांबण लावते.

सुरी मांडूच नका. तुमच्या बेतात सुरीने कापण्यासारखा एक पदार्थ दाखवा! सुरी-काटा ही जोडी ताटात आल्यावर कापावं लागतं अशा अन्नासाठी आहे, म्हणजे मांसाचा तुकडा, अख्खा मासा वगैरे. आपली सगळी चिराचिरी विळीवर आधीच उरकलेली असते. शिवाय स्टीलच्या ताटात सुरी फिरली की जो किर्र आवाज होतो, त्याने सासूबाईंच्या आधी विहीणबाई उठतील. त्यापेक्षा थायलंडमध्ये भात खातात तसं करा. डाव्या हाताला काटा, उजव्या हाताला मोठा चमचा. काट्याने लोटायचं, चमच्याने खायचं. मसालेभात काय, फदफदं काय, सगळं निघतं. वैशालीत बसून इडली-सांबार दोन चमच्यांनी खाणारे आपणच, तेव्हा सोवळेपणाचा आव आणू नये. पोळी मात्र हातानेच खाऊ द्या. हॉटेलात जेवणाबरोबर छोटा पाव आला तर तेही तो हातानेच तोडतात, त्यांना नवल वाटणार नाही. बेसिन आणि टॉवेल कुठे आहे ते बसण्याआधी दाखवा, म्हणजे खरकट्या हाताने घरभर शोधायची पाळी यायची नाही.

काट्या-चमच्याचं एवढ्यात मिटतं. खरा घोळ होतो तो वाढण्यात. आपल्याकडे पानात मोकळी जागा दिसली की वाढणारीचा हात आपोआप चालतो. त्यांच्याकडे लहानपणापासून शिकवण अशी की घेतलेलं संपवायचं, टाकायचं नाही. म्हणजे ते सभ्यपणे संपवणार, तुम्ही सभ्यपणे वाढणार, आणि चौथ्या पोळीला व्याहीबुवा घामाघूम. प्रत्येकाला वाटणार, समोरच्याला समजत कसं नाही! त्यांची "पुरे" म्हणायची खूण म्हणजे काटा आणि सुरी ताटात शेजारी शेजारी, दांडे उजवीकडे खाली, घड्याळात चार-पाचच्या दिशेला. तीच दोन्ही तिरकी, एकमेकांपासून फाकवून ठेवली असतील तर माणूस अजून जेवतोय. काटा-चमच्यालाही ते सवयीने हेच करतील. आपली खूण म्हणजे पानावर आडवा हात. मुलीला सांगा, विमानात बसायच्या आधी त्यांना हा आडवा हात शिकव. आणि घरात वाढायला जी कोणी उभी राहील, मावशी असो की काकू, तिला काट्याची खूण शिकवा. आग्रह फार तर एकदा करा. "नको" म्हटलं की ते खरंच नको असतं, आपल्यासारखं तीनदा नको म्हणून चौथ्यांदा हो नाही.

आणखी एक, हे कुणी सांगत नाही. कटाची आमटी झणझणीत झाली की पाहुण्याचं नाक वाहणार. जर्मनीत नाक सुरसुर ओढत बसणं वाईट समजतात, त्यामानाने जेवताना रुमालात नाक शिंकरलेलं चालतं. विहीणबाई भर पंगतीत नाक शिंकरतील आणि तुमच्या सासूबाईंचा घास हातात राहील. तिखट कमी करा, म्हणजे प्रश्नच मिटला. उलट त्यांच्याकडे ढेकर देणं असभ्य. ह्यांना आत्ताच समज द्या, तृप्तीची पावती तोंडाने बोलून द्यायची म्हणावं.

डावखुऱ्या जावयाची काळजी मला सगळ्यात कमी वाटते. त्यांच्या पद्धतीत काटा मुळातच डाव्या हातात असतो, त्यामुळे सगळ्या टेबलाचाच घास डाव्या हाताने तोंडात जातो. कोण डावखुरा हे तिथे कळतसुद्धा नाही. आता आपलं बघा. उजवा हात खरकटा म्हणून आपण भांडं डाव्या हाताने उचलतो, वाढून घ्यायचा डावही डाव्यानेच धरतो. म्हणजे मुळात सांभाळायचंय ते उष्टं. तुमचा जावई डाव्याने जेवला तर त्याचा उजवा स्वच्छ राहिला, वाढून घ्यायला तोच वापरेल. सासूबाईंना उष्ट्याच्या हिशोबाने पटवा. पुरोगामी भाषण देऊ नका.

मार्चचं थोडक्यात. सगळ्यांचं वाढून झाल्याशिवाय आणि यजमानांनी "गुटन आपेटिट" म्हटल्याशिवाय सुरुवात नाही. हात मांडीवर लपवू नका, मनगटं टेबलाच्या कडेला दिसू द्या. कोपर मात्र टेबलावर नाही. पेला भिडवताना नजरेला नजर द्यायची, मग पेल्यात नुसतं पाणी असलं तरी हरकत नाही. उकडलेला बटाटा जुन्या वळणाची माणसं सुरीने कापत नाहीत, काट्याने फोडतात. पूर्वीच्या सुऱ्या बटाट्याने काळ्या पडायच्या, सुऱ्या बदलल्या तरी सवय राहिली. भात सुरीने काट्यावर लोटायचा.

आणि काटा आईच्या पोटातून घेऊन कुणीच आलेलं नाही. 1608 साली टॉमस कोरिएट नावाचा इंग्रज इटलीत फिरायला गेला, तिथे लोकांना काट्याने जेवताना पाहिलं आणि मायदेशी परतल्यावर स्वतः तसा जेवू लागला. मित्रांनी भरपूर टवाळी केली. विलायतेत तेव्हा साहेब लोक बोटांनीच जेवत होते. हाच गडी पुढे बरीचशी वाट पायी तुडवत हिंदुस्थानात आला आणि 1617 साली सुरतेत वारला.

निवृत्त_फौजी
मावशींशी एका बाबतीत मतभेद. पाहुण्याला निवड द्यावी. सुरीसुद्धा मांडा, नको असेल तर तो वापरणार नाही. खडकवासल्याला एनडीएत आलो तेव्हा आमच्यातली कितीतरी मुलं गावाकडून आलेली, घरी काटा पाहिलेला नाही. मेसमध्ये पहिल्या दिवसापासून सुरी-काटा. कुणी शिकवणी घेतली नाही, शेजारच्याकडे बघून शिकलो. अवघड काही नसतं, चिडचिड होते ती सगळे बघताहेत या भावनेने. म्हणून पाहुणे जेवत असताना "असं धरा, तसं तोडा" सुरू करू नका.

ताईंना एक टीप. इंग्रजी वळणात काट्याचे दात खाली ठेवून वाटाणे त्याच्या पाठीवर दाबून बसवतात. त्या फंदात पडू नका. भातासाठी काटा सरळ उताणा धरा. अमेरिकन लोक तर आधी कापून घेतात, सुरी खाली ठेवतात आणि काटा उजव्या हातात घेतात. जगात एकच बरोबर पद्धत असती तर हे दोघे तरी एकसारखे जेवले असते.

वाढपी_मावशी
फौजीभाऊ, मेसमध्ये चिकन होतं, इथे पुरणपोळी आहे. सुरी मांडली की पाहुण्याला वाटणार, ती वापरणंच अपेक्षित आहे. बिचारा पोळीचे चौकोन पाडेल आणि पुरण ताटभर होईल. शिकवू नका हे मात्र शंभर टक्के मान्य. यजमानांनी पहिला घास जरा सावकाश घ्यावा, पाहुणे बघून घेतील.

कर्वेनगरची_आई
सगळ्यांचे आभार. सासूबाईंना काल डावखुरेपणाचं सांगून टाकलं, मावशींच्या उष्ट्याच्या हिशोबाने. बराच वेळ विचार करून म्हणाल्या, "मग त्याला पंगतीत डाव्या टोकाला बसवा, शेजारच्याला कोपर लागायला नको." म्हणजे पास झाला म्हणायचं. ह्यांचा बोन चायनाचा हट्ट गेला नाही, पानाखाली प्लेट ठेवायची अशी तडजोड झालीय. सुऱ्या कपाटातच राहतील. आता शेवटचा प्रश्न: पोह्याचे पापड तळणार आहे. त्याला काटा की हात?

वाढपी_मावशी
हात. पापडाला काटा टोचलात तर निम्मा विहीणबाईंच्या मांडीवर.

पेठेतला_पाहुणा
पत्ता अजून कळवलेला नाही.