प्लेन टेक्स्टला ‘साधा मजकूर’ म्हणायचं का? (आणि टूडू, डेडलाइन, रीफाईल वगैरे)

मोकळी_ओळ
टिपणं, कामांच्या याद्या, तांत्रिक माहिती, सगळं मी प्लेन टेक्स्ट फायलींमध्येच ठेवतो, बरंचसं ईमॅक्स या एडिटरच्या ऑर्ग मोडमध्ये (टिपणं आणि कामांच्या याद्या ठेवायची त्यातली सोय) आणि ज्या गोष्टी इतरांना द्यायच्या असतात त्या मार्कडाउनमध्ये (मथळे, ठळक अक्षरं वगैरे साध्या खुणांनी दाखवायची पद्धत). आता टीममध्ये नवीन येणाऱ्यांसाठी ही पद्धत मराठीत लिहून काढायला घेतलीये आणि पहिल्याच वाक्यात गाडी अडलीये. ‘साधा मजकूर’ लिहिलं तर वाचणाऱ्याला वाटतं बोल्ड-इटॅलिक न केलेला मजकूर, म्हणजे वर्ड प्रोसेसरमध्ये लिहून काही सजावट केली नाही की झालं. तसं तर नाहीये ना. पुढे नोट, टूडू, शेड्यूल्ड, डेडलाइन, रीफाईल, आर्काइव्ह, टँगल अशी रांगच आहे. लोक बोलताना काय म्हणतात ते हवंय, परिभाषा कोशातलं नको. आणि ‘इंग्रजीच ठेवा की’ एवढंच सांगायला कुणी येऊ नका, तो पर्याय मला माहितीये.

कर्सर
इंग्रजीच ठेवा की. :)

पाठभेदी
‘साधा’चा घोळ असा आहे की मराठीत साधा म्हणजे सोपा पण होतं, नक्षी नसलेला पण होतं आणि जरा कमी दर्जाचा पण होतं, आणि यातला एकही अर्थ इथे लागू नाही. ऑर्ग मोड सोपा आहे असं तो वापरणारा कुणीही शपथेवर सांगणार नाही. इथे ‘प्लेन’ म्हणजे फायलीत अक्षरांचे संकेतांक सोडून दुसरं काही भरलेलं नाही, एवढंच. वर्डची डॉक्स (.docx) फाईल उघडून बघा, ती मुळात झिप असते आणि आत एक्सएमएलच्या फायली असतात, तुम्ही एक शब्दसुद्धा बोल्ड केला नसेल तरी.

माझं मत ‘नुसता मजकूर’. लोक बोलतात तेच आहे ते. ‘फॉरमॅटिंग नको, नुसतं टेक्स्ट पाठव’ असं रोज ऐकतो आपण. ‘निव्वळ’ पण चालेल पण तो ऐकला की एक तर नफा आठवतो नाही तर मूर्खपणा.

टॅब_की_स्पेस
पण ते आतलं एक्सएमएल हे प्लेन टेक्स्टच की हो! एचटीएमएल पण, लाटेक (छपाईसाठी मजकूर मांडायची भाषा) पण. मग ‘नुसता’ कुठे राहिला?

पाठभेदी
बरोबर पकडलंत. याचं उत्तर युनिकोडवाल्यांनीच (सगळ्या लिप्यांच्या अक्षरांना संकेतांक ठरवून देणारे) देऊन ठेवलंय, की नुसती अक्षरांची माळ म्हणजे प्लेन टेक्स्ट, आणि त्यासोबत आकार, रंग, दुवे अशी जादा माहिती आली की रिच टेक्स्ट, पण ही जादा माहितीसुद्धा अक्षरांमध्येच लिहिता येते आणि एचटीएमएल, टेक (लाटेकचा पाया) ही त्याचीच उदाहरणं. म्हणजे फाईल म्हणून बघितलं तर नुसता मजकूर आणि ब्राउझरने वाचला की सजलेला. मार्कडाउनची हुशारी मला इथेच दिसते. जॉन ग्रूबर यांनी २००४ मध्ये ते आणलं तेव्हा आग्रहच हा होता की खुणा घातलेली फाईल न सजवता वाचली तरी डोळ्यांना खुपू नये, लोक आधीपासून ईमेलमध्ये तारे आणि रेघा टाकून जसं लिहायचे तसं. उलट एचटीएमएलचा सोर्स माणसाने वाचावा अशी कुणाची अपेक्षाच नसते. त्यामुळे माझ्या लेखी नुसता मजकूर म्हणजे ‘मध्ये कुणी न लागता वाचता येतो तो’. व्याख्या जरा सैल आहे, चालवून घ्या.

जुनी_वही
‘मजकूर’ शब्दाबद्दल थोडं. मुळात अरबी, ‘ज़िक्र’च्या कुळातला, अर्थ ‘ज्याचा उल्लेख झाला आहे तो’. जुन्या मराठी कागदांत ‘साल मजकूर’, ‘मौजे मजकूर’ असं येतं ते याच अर्थाने, सदर साल, सदर गाव. नंतर लिहिलेला ऐवज तो मजकूर झाला आणि वर्तमानपत्रांनी तोच पक्का केला. त्यामुळे मजकूर म्हटलं की कुणीतरी काहीतरी सांगतंय असं वाटतं. पायथनची फाईल किंवा सर्व्हरची कॉन्फिग फाईल पण प्लेन टेक्स्टच असते पण तिला मजकूर म्हणताना जीभ अडखळते. ‘पाठ’ म्हणून बघा. पोथ्यांच्या अभ्यासात दोन प्रतींमधला फरक म्हणजे पाठभेद, आणि गिटमध्ये (फायलींच्या आवृत्त्या सांभाळणारं साधन) डिफ दाखवतं ते तेच तर असतं.

पाठभेदी
माझ्या नावाची जाहिरात केल्याबद्दल आभारी आहे. पण ‘पाठ’ला शाळा चिकटलीये, ‘साधा पाठ’ म्हटलं की धडा वाटतो. डिफला मात्र पाठभेदच म्हणायचं, त्यावर मी अडून बसणार.

शाईचा_डाग
माझा मुद्दा थोडा वेगळा आहे पण मला वाटतं मूळ प्रश्नाशी त्याचा जवळचा संबंध आहे. युनिकोड रुळायच्या आधी जे मराठी टाईप झालं, ते बहुतेक फॉण्टच्या भरवशावर होतं म्हणजे फाईलमध्ये इंग्रजी अक्षरांचे नाहीतर चिन्हांचे कोड आणि वर मराठी फॉण्टचा मुखवटा. तो फॉण्ट काढला की खाली नुसता कचरा दिसायचा. आता गंमत बघा, असली फाईल डॉट टीएक्सटी म्हणून सेव्ह केली तर तांत्रिकदृष्ट्या ती प्लेन टेक्स्ट झालीच, सजावट काही नाही, लपवलेलं काही नाही, फक्त मराठी पण नाही! शोध चालत नाही, क्रम लावता येत नाही, कोणता फॉण्ट होता ते विसरलं की कन्व्हर्टर शोधत बसा. म्हणून इंग्रजीत लिहिणारा ‘प्लेन टेक्स्ट पन्नास वर्षांनी पण उघडेल’ म्हणतो तेव्हा तो आस्कीच्या (इंग्रजी अक्षरांचे जुने संकेतांक) जिवावर म्हणतो. आपल्याकडे ते वाक्य युनिकोडनंतरच खरं झालं. देवनागरी युनिकोडमध्ये १९९१ च्या पहिल्या आवृत्तीपासून आहे पण साधनं मागून आली, विंडोजच्या नोटपॅडमध्ये यूटीएफ-८ (युनिकोड अक्षरं फाईलमध्ये साठवायची पद्धत) डिफॉल्ट व्हायला २०१९ उजाडलं, त्याआधी इशाऱ्याकडे दुर्लक्ष करून सेव्ह दाबलं की देवनागरीच्या जागी प्रश्नचिन्हांची रांग.

तेव्हा शब्द कोणताही घ्या, मार्गदर्शिकेत ‘यूटीएफ-८ मधला’ हे लिहाच. मराठीत लिहिणाऱ्याच्या बाबतीत ‘नुसता’चा अर्धा अर्थ तिथे आहे.

टॅब_की_स्पेस
आणि युनिकोड आलं म्हणून सगळं सुटलं असंही नाही. ‘दुसऱ्या’मधला अर्धा र दोन प्रकारे टाईप होतो, एक म्हणजे नुक्तावाला ऱ आणि हलन्त, दुसरा म्हणजे नेहमीचा र, हलन्त आणि वर एक न दिसणारा झीरो विड्थ जॉइनर. दिसायला अगदी एकसारखे. फोनवर टाईप केलेली टिपणं आणि लॅपटॉपवरची टिपणं एका फोल्डरमध्ये टाकून ‘दुसऱ्या’ शोधा, कीबोर्ड वेगळे असतील तर अर्धीच सापडतील. ‘ॲप’चंही तसंच, एकाच अक्षराचा ॲ किंवा अ वर चंद्र. युनिकोडचं नॉर्मलायझेशन चालवलं तरी या जोड्या एक होत नाहीत. आता यात न दिसणारं अक्षर आहे म्हणजे ‘जे दिसतं तेच फाईलमध्ये’ हे पण पूर्ण खरं नाही झालं. मी एक छोटी स्क्रिप्ट ठेवलीये, सेव्ह करताना सगळं एका रूपात आणते.

ऑर्गमधली टेबलं देवनागरीत सरळ रांगेत दिसत नाहीत हे वेगळं दुखणं, जोडाक्षराची रुंदी एडिटरला नीट मोजता येत नाही. तिकडे मी प्रयत्न सोडलाय.

मोकळी_ओळ
हे सगळं भारीच. बरं ‘नुसता मजकूर’ माझ्या मनात बसलाय. आता नोट? टीप, टिपण, नोंद, टाचण असे चार पर्याय डोक्यात आहेत.

जुनी_वही
टीप नको, ती तळटीप असते नाहीतर पोलिसांना दिलेली. टाचण म्हटलं की शिक्षकांचं पाठटाचण. नोंद आणि टिपण हे दोन्ही ठेवा पण वेगवेगळ्या कामाला. नोंद छोटी, तारखेची, घडलं ते लिहिलं, मागाहून बदलत नाही, म्हणजे मीटिंगमध्ये काय ठरलं ही नोंद. टिपण म्हणजे विचार करून लिहिलेलं, पुढे वाढत जाणारं. ऑर्गमध्ये पटकन उचलून ठेवायला कॅप्चर आहे ना, त्याला ‘टिपून घेणं’ हा तयार शब्द आहे.

कर्सर
तांत्रिक डॉक्युमेंटला दस्तऐवज म्हणू नका प्लीज. दस्तऐवज म्हटलं की खरेदीखत. ‘माहितीपत्रक’ नाहीतर सरळ ‘डॉक’.

शिल्लक_कामं
डेडलाइन आणि शेड्यूल्डवर मला बोलायचंय कारण यातच लोक सगळ्यात जास्त गोंधळतात आणि दोष भाषांतराचा आहे. सगळे शेड्यूल्ड म्हणजे ‘नियोजित’ करतात, मग नवीन माणूस तिथे मीटिंगची वेळ टाकतो. ऑर्गच्या मॅन्युअलमध्ये स्पष्ट म्हटलंय की शेड्यूल्ड म्हणजे ते काम ज्या दिवशी हातात घ्यायचं ठरवलंय तो दिवस, मीटिंगसाठी ते नाहीच, मीटिंगला नुसती तारीख टाकायची. म्हणून त्या दिवशी ते काम यादीत येतं आणि पूर्ण होईपर्यंत रोज येत राहतं, पाठ सोडत नाही. आमच्याकडे आम्ही ‘हाती घ्यायचं’ म्हणतो. ‘नियोजित’पेक्षा लांब आहे पण चुकीच्या जागी कुणी वापरत नाही.

डेडलाइनला ‘मुदत’ म्हणणं तपासून बघा. मराठीत मुदत ही लांबी असते. महिन्याची मुदत मिळाली, मुदत संपली, मुदतवाढ दिली. डेडलाइन हा एक दिवस, म्हणजे ‘शेवटची तारीख’. असं मी म्हणत होतो, पण ऑर्गचं वागणं बघितलं तर ते मुदतीसारखंच आहे! डिफॉल्टला डेडलाइनच्या १४ दिवस आधीपासून ते रोज यादीत इशारा द्यायला लागतं. म्हणजे तारखेचं काम तारखेआधीच सुरू. म्हणून आता मी फायलीत टाकतो ती ‘शेवटची तारीख’ आणि आधीचा इशाऱ्याचा काळ ती ‘मुदत’ असं लिहितो.

मोकळी_ओळ
शेड्यूल्डचं पटलं, तसंच्या तसं उचलतो. मुदतीचं पटलं पण नवीन माणसाला दोन शब्द जड जातील, मी ‘शेवटची तारीख’ एवढंच ठेवीन.

जुनी_वही
रीफाईलला तर मराठीत आयता शब्द पडून आहे, ‘वर्ग करणं’. रक्कम वर्ग करतात, प्रकरण दुसऱ्या विभागाकडे वर्ग करतात, तसं टिपण एका मथळ्याखालून दुसऱ्या मथळ्याखाली वर्ग केलं. आणि आर्काइव्ह म्हणजे ‘दप्तरी दाखल’. यात थोडी सरकारी कुचेष्टा पण आहे, दप्तरी दाखल झालेलं परत कुणी बघत नाही, आणि आर्काइव्ह फायलींचं तेच होतं.

कर्सर
दप्तरी दाखल!! मी इंग्रजीवाला होतो पण हे आजपासून वापरणार.

टॅब_की_स्पेस
टँगल राहिलं. मूळ संगणकशास्त्रज्ञ डॉनल्ड क्नूथ यांचं, १९८४ च्या सुमाराला लिटरेट प्रोग्रामिंग मांडलं त्यातलं. एकाच फाईलमध्ये माणसासाठी समजावून लिहायचं आणि मध्ये मध्ये कोड, मग वीव्ह केलं की वाचायचं पुस्तक तयार आणि टँगल केलं की मशीनसाठी कोडची फाईल बाहेर. ‘गुंता करणं’ म्हणाल तर नवीन माणूस घाबरून पळेल. नाव दिलंय ते माणसाच्या बाजूने, समजायला सोपा क्रम मोडून मशीनला हवा तसा लावणं हा गुंताच. मी ‘कोड वेगळा काढणं’ म्हणतो, विनोद जातो पण अर्थ राहतो.

मोकळी_ओळ
चालेल. आता शेवटचं, टूडू आणि डन. ऑर्गमध्ये फायलीच्या वर एक ओळ लिहून आपले शब्द ठरवता येतात, उभ्या रेघेच्या डावीकडे बाकी असलेल्या अवस्था आणि उजवीकडे संपलेल्या, देवनागरी पण चालतं. मी ‘करायचंय’, ‘अडलंय’ आणि रेघेपलीकडे ‘झालं’, ‘रद्द’ असे टाकले. पण मग मथळा येतो ‘झालं चाचणी’ आणि ‘झालं अहवाल’. चाचणी झाली, अहवाल झाला!

शिल्लक_कामं
मथळ्यात नाम लिहू नका, क्रियापद लिहा. ‘चाचणी घेणं’, ‘अहवाल पाठवणं’. णं-वालं रूप नपुंसकलिंगीच असतं, त्यामुळे ‘करायचंय’, ‘झालं’ सगळं जुळतं. दुसरा फायदा असा की नुसतं ‘अहवाल’ लिहिलं की आठवड्याने कळत नाही लिहायचा होता, वाचायचा होता की पाठवायचा होता.

पाठभेदी
अनेकवचनाचं काय, ‘बिलं भरणं’?

शिल्लक_कामं
भरणं एकच आहे हो, बिलं कितीही असू देत.

कर्सर
परत परत येणाऱ्या कामांचं सांगा कुणीतरी. तिथे तारखेपुढे लिहितात त्या अधिक एक आठवडा (+1w) आणि टिंब-अधिक एक आठवडा (.+1w) यातला फरक मला कधीच लक्षात राहत नाही.

शिल्लक_कामं
तो मराठीत एका दमात सांगता येतो. नुसतं अधिक म्हणजे ‘दर आठवड्याला’, ठरलेल्या तारखेपासून मोजायचं, तुम्ही उशीर केला तरी. टिंब-अधिक म्हणजे ‘केल्यापासून आठवड्याने’, ज्या दिवशी झालं म्हणाल तिथून मोजायचं. बॅकअप घेणं टिंबवालं, भाडं भरणं बिनटिंबाचं. आणि असं काम ‘झालं’ केलं की तारीख पुढे सरकून ते परत ‘करायचंय’ होतं, त्यामुळे या कामांवर ‘झालं’ कधी टिकलेलं दिसणारच नाही, नवीन लोकांना हे आधीच सांगा नाहीतर बटण चालत नाही म्हणून तुमच्याकडे येतील.