मदत हवी आहे: एनम झोनमध्ये एक नंबर वेगळा टाकला आणि त्याच्या शेजारचे नऊ नंबर सापडेनासे झाले

टिळकवाडी_सिस्टीम:

नमस्कार मंडळी. बेळगावच्या एका मल्टिस्टेट पतसंस्थेत सिस्टीम बघतो. हेड ऑफिस टिळकवाडीत. शाखा शहापूर, खानापूर, निपाणी आणि पलीकडे महाराष्ट्रात चंदगड. प्रत्येक ठिकाणी ॲस्टेरिस्क सॉफ्टवेअरवरचा छोटा पीबीएक्स (ऑफिसचं आतलं टेलिफोन एक्स्चेंज) आहे आणि सगळ्या शाखा व्हीपीएनने (नेटवरच्या खासगी जोडणीने) जोडलेल्या आहेत.

शाखेतला माणूस समोरच्या शाखेचा पूर्ण लँडलाइन नंबर फिरवतो. एसटीडी कोड ०८३१ असो, ०८३३६ असो की ०२३२०, त्याला त्याचं काही पडलेलं नसतं. पीबीएक्स आधी आमच्या डीएनएसला (नावावरून पत्ता शोधून देणाऱ्या सर्व्हरला) विचारतो की हा नंबर आपला आहे का. आपला असला तर सिप पत्ता (नेटवरून कॉल लावायचा पत्ता) मिळतो आणि कॉल व्हीपीएनवरून आत जातो. नसला तर शाखेच्या साध्या लाईनवरून बाहेर पडतो. फोन नंबर असा डीएनएसमध्ये शोधायच्या पद्धतीला एनम म्हणतात. माझ्या आधीच्या माणसाने ही रचना केली आणि ती व्यवस्थित चालत आली आहे.

हेड ऑफिसला शंभर नंबरांचा ब्लॉक आहे: +९१ ८३१ अबक ४१०० ते ४१९९. (अबकच्या जागी खरे अंक समजा, ते इथे देत नाही.) झोनमध्ये (डीएनएसच्या नोंदींच्या फाईलमध्ये) नंबर उलटे लिहितात. तिथे या अख्ख्या ब्लॉकला एकच वाइल्डकार्ड (* च्या जागी काहीही चालणारी) ओळ होती:

*.१.४.क.ब.अ.१.३.८.१.९.ई१६४.अर्पा → एनएपीटीआर १०० १० "यू" "ई२यू+सिप", पुढे रेजेक्स (नंबरापासून पत्ता बनवायचा नमुना), आणि पत्ता हेड ऑफिसच्या पीबीएक्सचा. (एनएपीटीआर म्हणजे नंबराचा पत्ता सांगणारा डीएनएस रेकॉर्ड.)

गेल्या महिन्यात लॉकर विभाग शहापूर शाखेत हलवला. त्याचा नंबर ४१७०. तेवढ्यासाठी एक स्वतंत्र ओळ टाकली, ०.७.१.४.क.ब.अ… आणि पत्ता शहापूरच्या पीबीएक्सचा. ४१७० लगेच शहापूरला वाजला. काम संपलं म्हणून फाईल बंद केली.

आता गंमत बघा. खानापूरला सोनेतारणाचा अर्ज आला की तिथला कॅशियर मंजुरीसाठी हेड ऑफिसच्या ४१७३ ला फोन लावतो. परवा पावसात खानापूरची लँडलाइन गेली (ती दर पावसाळ्यात जाते, त्यात नवल नाही), व्हीपीएन मात्र चालू होता. तरी ४१७३ लागेना. ४१२५ लागतो, ४१८० लागतो, ४१७० पण लागतो. ४१७१ ते ४१७९ मधला एकही नाही. डिग (डीएनएसला हाताने विचारायची कमांड) मारून बघितलं तर या नऊही नंबरांना एनएक्सडोमेन, म्हणजे असं नावच नाही.

म्हणजे महिनाभर हे कॉल लँडलाइनवरूनच जात होते. प्लॅन अनलिमिटेड, त्यामुळे बिलातही काही दिसलं नाही. झोन तपासणाऱ्या कमांडला चूक सापडत नाही, लॉगमध्ये एरर नाही. वाइल्डकार्डची ओळ जागेवर आहे, डोळ्यांनी बघतोय. फक्त सत्तरीतलेच नंबर का मेले? कुणाला हा अनुभव आहे का?

निपाणीकर:

रेजेक्स बघा की ओ. झोन फाईलमध्ये बॅकस्लॅश दोनदा लिहावा लागतो. एकदाच लिहिला की बाइंड (डीएनएस सर्व्हरचं सॉफ्टवेअर) तो गिळतो आणि \१ चा नुसता १ उरतो. दुसरं म्हणजे रेजेक्स लावला जातो तो सरळ नंबरावर, पुढच्या अधिक चिन्हासकट. उलट्या नावावर नाही. तिथे बरेच जण फसतात.

टिळकवाडी_सिस्टीम:

@निपाणीकर, बॅकस्लॅश दोन आहेत. आणि रेजेक्स चुकला असता तर उत्तर चुकीचं आलं असतं. इथे उत्तरच येत नाही.

मलप्रभा_काठ:

रेजेक्सचा संबंध नाही. झोनही बरोबर आहे, बाइंडही बरोबर वागतोय. वाइल्डकार्ड असंच चालतं, इंटरनेटच्या नियमांच्या आरएफसी ४५९२ या दस्तऐवजात (२००६) ते स्वच्छ लिहिलेलं आहे. उलट्या आकड्यांच्या झाडात मात्र ते फार बोचतं.

आपण समजतो की वाइल्डकार्ड म्हणजे "जे सापडलं नाही ते सगळं". तसं नसतं. सर्व्हर आधी बघतो की विचारलेल्या नावाच्या वरचा सगळ्यात जवळचा अस्तित्वात असलेला पूर्वज (डावीकडचे अंक काढत गेल्यावर उरणारं नाव) कोणता. मग फक्त त्या पूर्वजाच्या लगेच खाली वाइल्डकार्ड आहे का एवढंच बघतो. नसेल तर तिथेच थांबतो, आणखी वर चढून दुसरं वाइल्डकार्ड शोधत बसत नाही.

तुम्ही ०.७.१.४.क.ब.अ… हे नाव टाकलंत, त्याबरोबर ७.१.४.क.ब.अ… हे नावही आपोआप जन्माला आलं. त्यावर एकही रेकॉर्ड नाही, पण त्याच्याखाली काहीतरी आहे म्हणून ते अस्तित्वात धरलं जातं. फाईलमध्ये ते कुठे दिसणार नाही.

आता ४१७३ विचारा: ३.७.१.४… हे नाव नाही. सगळ्यात जवळचा पूर्वज ७.१.४…. त्याच्या खाली वाइल्डकार्ड आहे का? नाही. एनएक्सडोमेन. ४१८० विचारा: ०.८.१.४… नाही, ८.१.४… पण नाही, म्हणून जवळचा पूर्वज १.४…. त्याच्याखाली तुमचं वाइल्डकार्ड आहे, उत्तर मिळालं. म्हणून सत्तरीच गेली आणि ऐंशी वाचली.

खात्री करायची असेल तर नुसत्या ७.१.४.क.ब.अ… ला डिग मारा. एनएक्सडोमेन येणार नाही. नोएरर (नाव आहे) येईल आणि उत्तराचा भाग रिकामा असेल.

तात्पुरता उपाय: *.७.१.४.क.ब.अ… अशी दुसरी वाइल्डकार्ड ओळ टाका, पत्ता हेड ऑफिसचाच. कायमचा उपाय: नंबरांच्या बाबतीत वाइल्डकार्ड वापरूच नका. शंभर नंबर आहेत, शंभर ओळी होऊ देत. एक्सेलमधल्या यादीवरून स्क्रिप्टने झोन तयार करा. उद्या ४१३५ चंदगडला हलवला तर तिशीचं हेच होणार, तेव्हा आजचा धागा कुणाला आठवणार आहे?

टिळकवाडी_सिस्टीम:

डिग मारला. तंतोतंत तसंच, नोएरर आणि उत्तर शून्य. फाईलमध्ये न लिहिलेलं नाव सर्व्हरला दिसतं हे डोक्यातच आलं नव्हतं कुणाच्या.

दुसरी ओळ टाकली, सिरियल वाढवला, रीलोड केलं. टिळकवाडीतून ४१७३ बरोबर सापडतो. निपाणीत सेकंडरी सर्व्हर आहे, तिथेही पोचलं. खानापूरहून मात्र अजून एनएक्सडोमेनच. आता काय?

मलप्रभा_काठ:

खानापूरला नाव कोण शोधतं? आणि तुमच्या एसओए, म्हणजे झोनच्या सुरुवातीच्या, रेकॉर्डमधला शेवटचा आकडा किती?

टिळकवाडी_सिस्टीम:

तिथे राउटरमधला डीएनएसमास्क (आलेली उत्तरं साठवून ठेवणारा छोटा डीएनएस) आहे. शेवटचा आकडा ८६४००.

मलप्रभा_काठ:

मग झालं तर. "असं नाव नाही" हे उत्तरसुद्धा कॅशमध्ये (तात्पुरत्या साठ्यात) राहतं. किती वेळ, ते एसओएचा टीटीएल (उत्तर साठवायची मुदत) आणि तो शेवटचा आकडा यातला जो लहान असेल त्यावर ठरतं. आरएफसी २३०८ (१९९८) पासून त्या आकड्याचा अर्थच हा आहे. ८६४०० म्हणजे पूर्ण एक दिवस. तिथे बाइंड असता तर तो स्वतःहून नकार तीन तासांच्या वर धरत नाही, कारण त्याची डिफॉल्ट मर्यादा १०,८०० सेकंद आहे.

खानापूरला कुणाला तरी सांगून राउटर बंद-चालू करा, कॅश साफ होईल. आणि एसओएचा शेवटचा आकडा ३०० वर आणा. आतल्या झोनला एवढ्या चौकशा येत नाहीत की सर्व्हर दमेल.

पेठेतला_पॅकेट:

पुण्याहून डोकावतोय. मूळ प्रश्न सुटला असं दिसतं, पण मला दुसरंच खटकलं. तुमच्या झोनचं नाव ई१६४.अर्पाच आहे? म्हणजे आतल्या सर्व्हरवर तुम्ही जगाच्या नावावर स्वतःचा झोन मांडून बसला आहात?

टिळकवाडी_सिस्टीम:

हो. आधीच्या माणसाने तसंच केलंय. आतच आहे, बाहेर कुणाला दिसत नाही. त्यात काही धोका?

पेठेतला_पॅकेट:

आज नाही, पण ती जागा तुमची नाही. थोडं सविस्तर लिहितो, इथे बऱ्याच जणांना या झाडाची मालकी कुणाकडे असते ते माहीत नसतं.

ई.१६४ हा आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाचा, म्हणजे आयटीयूचा, नंबरांचा आराखडा. देशाचा कोड धरून जास्तीत जास्त पंधरा अंक. आपले +९१ पकडून बारा होतात. हे नंबर उलटे करून, मध्ये टिंबं देऊन, ई१६४.अर्पाखाली टांगायचे ही एनमची कल्पना. पहिला आरएफसी २९१६, साल २०००. मग २००४ मध्ये ३७६१, आणि सध्याचा ६११६, मार्च २०११ चा. उलटं का करायचं? डीएनएसमध्ये मोठा अधिकारी उजवीकडे असतो आणि फोन नंबरात डावीकडे.

कारभार तीन थरांत आहे. सगळ्यात वरचा, ई१६४.अर्पा, ॲमस्टरडॅमची राइप एनसीसी (नेट पत्त्यांची नोंद ठेवणारी संस्था) चालवते, आयएबी या इंटरनेटच्या तांत्रिक मंडळाच्या सांगण्यावरून. त्याखाली देशाचा कोड, आपल्यासाठी १.९. तो कुणाकडे सोपवायचा हे राइप स्वतः ठरवत नाही. अर्ज आला की आयटीयूला कळवतात आणि त्या देशाच्या सरकारची संमती असेल तरच डेलिगेशन होतं. तिसऱ्या थरात प्रत्यक्ष एनएपीटीआर रेकॉर्ड. म्हणजे १.९ च्या खाली काय असावं हे दिल्लीत ठरणार. टिळकवाडीतही नाही आणि आमच्या पेठेतही नाही.

ऑस्ट्रियाने डिसेंबर २००४ मध्ये व्यापारी तत्त्वावर हे सुरू केलं, +४३ ७८० अशी खास एनमची मालिकासुद्धा काढली. जर्मनीत डेनिक या तिथल्या डोमेन नोंदणी संस्थेने जानेवारी २००६ मध्ये ९.४ (म्हणजे +४९) नियमित चालू केला. पण सामान्य ग्राहकाने आपला नंबर स्वतःहून डीएनएसमध्ये नोंदवावा, त्याने होणार काय, हे त्याला कुणी पटवून देऊ शकलं नाही असं माझं मत. वर आपला सिप आणि ईमेल पत्ता जगाला वाचता येणार ती भीती वेगळीच. हे तंत्र टिकलं ते मोबाईल कंपन्यांच्या आत. व्होल्टी (४जी जाळ्यावरच्या) कॉलमध्ये नंबराचा सिप पत्ता काढायला त्यांच्या आतल्या जाळ्यात हाच एनम वापरतात. तो झोन तुम्हाला-मला दिसत नाही.

तेव्हा तुम्हीही तेच करा. तुमच्या संस्थेचं डोमेन असेलच. त्याच्याखाली "एनम" किंवा "नंबर" नावाचा उपझोन काढा आणि झाड तिथे हलवा. ॲस्टेरिस्कच्या एनमलुकअप फंक्शनला पाचवा आर्ग्युमेंट झोनच्या शेपटीचाच असतो, तो दिला नाही तर ते ई१६४.अर्पा धरतं. बाहेरून कुणी विचारलं तर सर्व्हरने उत्तर देता कामा नये, तेवढं बाइंडच्या अलाउ-क्वेरी या सेटिंगमध्ये बांधून घ्या. नाहीतर पतसंस्थेच्या कुठल्या टेबलावर कुठला फोन आहे याची यादीच बाहेर जाईल.

निपाणीकर:

एक उपप्रश्न. आमच्याकडेही असंच करायचं चाललंय. कोल्हापूरच्या ग्राहकाला फोन करायचा असेल तर निपाणीहून व्हीपीएनने चंदगडला नेऊन तिथल्या लँडलाइनवरून सोडला तर चालेल काय? महाराष्ट्रातला कॉल महाराष्ट्रातूनच जाईल.

पेठेतला_पॅकेट:

अजिबात नको. याला टोल बायपास म्हणतात आणि परवान्याशिवाय तो बेकायदा आहे. शाखा ते शाखा आतल्या आत बोला. बाहेरच्या माणसाला फोन करायचा तर ज्या शाखेतून करताय तिथल्याच लाईनवरून, नाहीतर परवानाधारक कंपनीचा सिप ट्रंक घेऊन. टिळकवाडी, तुमच्या डायलप्लॅनमध्येही (कुठला कॉल कुठे जायचा त्या नियमांतही) बघून घ्या की व्हीपीएनवरून आलेला कॉल चुकून बाहेरच्या ट्रंकवर जात नाही ना. तो कॉन्टेक्स्टच (नियमांचा गट) वेगळा ठेवा.

टिळकवाडी_सिस्टीम:

कॉन्टेक्स्ट वेगळेच आहेत, आत्ता बघितलं.

खानापूरचा राउटर बंद-चालू केल्यावर ४१७३ व्हीपीएनवरून लागला. लँडलाइन अजून बंदच, त्यामुळे दुसरीकडून गेला असेल ही शंकाही नाही. कॅशियर म्हणाला, "लागला ओ, पण आता त्या ४१७३ वाल्या मॅडम जेवायला गेल्यात."

शंभर ओळींची स्क्रिप्ट लिहून झाली. यादी काढताना कळलं की ब्लॉकमधले बरेच नंबर कुणालाच दिलेले नाहीत, वाइल्डकार्डमुळे ते सगळे हेड ऑफिसच्या ऑपरेटरकडे जात होते. आता झोन हलवायचा तर एकाच वेळी पाचही ठिकाणी बदल करावा लागेल काय? शाखा बंद असताना, रविवारी?

मलप्रभा_काठ:

गरज नाही. स्क्रिप्टने एकाच यादीतून दोन्ही झोन काढा, जुना आणि नवा. दोन्ही एकाच वेळी चालू ठेवा. मग एकेका शाखेच्या डायलप्लॅनमध्ये शेपटी बदला. आधी शहापूर, ती जवळ आहे, बिघडलं तर स्कूटरवरून जाता येईल. चंदगड शेवटी. क्वेरी लॉग चालू करा आणि जुन्या झोनवर एकही चौकशी येत नाही असं दिसलं की तो काढून टाका.

आणि डायलप्लॅनमध्ये एक ओळ घाला: आपल्या ब्लॉकमधला नंबर असून एनममध्ये सापडला नाही, तर कॉल लँडलाइनवर जाऊ दे, पण त्याची नोंद लॉगमध्ये पडू दे. म्हणजे पुढच्या वेळी पावसाची वाट बघावी लागणार नाही.

टिळकवाडी_सिस्टीम:

ही ओळ आजच घालतो. न दिलेल्या नंबरांना झोनमधून वगळतोय, ऑपरेटर मॅडमना आधी विचारून.