खाशाबांवरचा लघुपट: तपशील कुठे चुकतात?

प्रश्न: ऑलिंपिक पदकविजेते पैलवान खाशाबा जाधव यांच्यावरच्या लघुपटाचं चित्रीकरण कोल्हापुरात आहे. कुस्तीच्या प्रसंगांत काय तपासावं?

उत्तर १: १९५२च्या हेलसिंकी ऑलिंपिकची कुस्ती तांबड्या मातीत दाखवू नका, ती मॅटवर झाली. १९४८, लंडन ऑलिंपिक: फ्लायवेट, सहावा क्रमांक. १९५२: बँटमवेट, ५७ किलो, कांस्य. वजनगटांची अदलाबदल करू नका.

उत्तर २: गुणफलकही बघा. 'दंगल' चित्रपटात २०१०च्या राष्ट्रकुल स्पर्धेतली अंतिम लढत शेवटच्या क्षणी फिरते. गीता फोगाटनं ती प्रत्यक्षात १-०, ७-० अशी सरळ जिंकली होती.

उत्तर ३: आखाड्यातल्या प्रसंगांत खरी डोकेदुखी मातीची. घामावर ती चिकटते, आणि शॉट बदलला की पाठ स्वच्छ दिसते! प्रत्येक टेकनंतर पाठ, खांदे, गुडघे, लांग (पैलवानाचं कमरेचं वस्त्र) यांचे फोटो घ्या. डाव क्रमानंच चित्रित करा. मधे अंग पुसू देऊ नका.