छात्राध्यापकाचा (शिकाऊ शिक्षकाचा) पाठ चालू असताना वर्गशिक्षकाने मध्ये बोलावं का? (टोपणनावांनी झालेली चर्चा)

मागचा बाक
बी.एड.ची आंतरवासिता (शाळेतला प्रत्यक्ष सराव) 20 आठवड्यांची, त्यातले 16 दुसऱ्या वर्षात. इतके दिवस छात्राध्यापक दुसऱ्याच्या वर्गात शिकवतो आणि त्या वर्गाचे शिक्षक मागे निरीक्षण वही घेऊन बसतात. माझं मत असं की एकदा पाठ सुरू झाला की घंटा होईपर्यंत त्यांनी तोंड उघडू नये. मागून एक वाक्य आलं की पन्नास माना वळतात आणि पुढे तासभर वळतच राहतात. छात्राध्यापक प्रश्न विचारतो, मुलं उत्तर देतात ती मागच्या सरांकडे बघून. गेलेला वचक त्या तासात परत येत नाही. चूक लिहून ठेवा, तासानंतर सांगा, आणि दुसऱ्या दिवशी पहिल्या पाच मिनिटांत ती त्यालाच सुधारू द्या.

प्रमेय
दुसऱ्या दिवशी? सातवीच्या भूगोलात ऋतुनिर्मिती चालू आहे आणि छात्राध्यापक सांगतो, "उन्हाळ्यात पृथ्वी सूर्याच्या जवळ येते." प्रत्यक्षात ती सर्वांत जवळ असते जानेवारीच्या सुरुवातीला, आपण स्वेटर घालतो तेव्हा. ही समजूत बहुतेक मुलं घरूनच घेऊन आलेली असतात. शाळेने ती मोडायची, तर इथे फळ्यावरून तिच्यावर शिक्का बसला. दुसऱ्या दिवशी काही मुलं गैरहजर असतात, काहींनी वाक्य वहीत उतरवून पानही उलटलेलं असतं. तुमची पाच मिनिटं त्या वहीपर्यंत पोचत नाहीत. गणितात "गुणलं की संख्या वाढते" हे वाक्य असंच. पुढे 6 गुणिले ½ आलं की मुलं अडतात, आणि मूळ कुठे आहे ते कोणाला सापडत नाही.

मागचा बाक
वचक गेलेल्या माणसाने सुधारलेली चूक तरी मुलं कुठे ऐकतात? प्रयोगशाळेपुरतं मान्य करतो. संहत सल्फ्युरिक आम्लात कोणी पाणी ओतायला निघाला तर ओरडावंच लागेल, नुसतं बोलून भागणार नाही. तिथे उष्णता इतकी निर्माण होते की आम्ल अंगावर उडतं. पण ऋतू एक दिवस थांबू शकतात.

टाचणवही
दोघंही तासाबद्दलच बोलताय. ती चूक दोन दिवस आधी टाचणातच (पाठाच्या लेखी आराखड्यात) पकडायची असते, आणि ती सुटते कारण आपण टाचण वाचतो कसं ते बघा. प्रास्ताविक आहे, हेतुकथन आहे, विषयविवेचन, संकलन (शेवटी शिकवलेलं एकत्र बांधणं), उपयोजन, गृहपाठ... रकाने भरलेले दिसले की सही. आत मागच्या तुकडीच्या वहीतून उतरवलेला मजकूर असतो. सहीआधी तीन गोष्टी मागाव्यात. एक, फळ्यावर शब्दशः काय लिहिणार (फलक आराखडा म्हणून वेगळं पान). दोन, मुलांच्या वहीत जाणारी दोन-तीन वाक्यं जशीच्या तशी. तीन, प्रत्येक मुख्य प्रश्नापुढे "चुकीचं उत्तर आलं तर" असा जादा रकाना. अपेक्षित उत्तराचा रकाना सगळेच भरतात. पण वर्गात मूल दुसरंच काही बोललं की छात्राध्यापक "बस, अजून कोण सांगेल?" म्हणून पुढे जातो, कारण त्या उत्तराचं काय करायचं हे त्याने ठरवलेलंच नसतं.

वेळेचंही तेच. 35 मिनिटांच्या तासिकेत प्रास्ताविकाला पाच मिनिटं पुरतात. ती बारा होतात, कारण "तर आज आपण काय शिकणार आहोत?" ही कोड्यांची फेरी मुलांच्या तोंडून नेमका शब्द बाहेर पडेपर्यंत चालते. मग घंटा संकलनावर पडते. अशा वेळी मागून बोलून काय सुधारणार?

ऑफ तास
मुळात मागे कोणी बसलेलं असतं का, हे विचारा आधी. छात्राध्यापक आला की मूळ शिक्षक पेपर तपासायला स्टाफरूममध्ये. मार्गदर्शक म्हणून नाव लागलं तरी त्याच्या तासिका एकानेही कमी होत नाहीत, म्हणून त्यालाही दोष देववत नाही. रजेवरच्या शिक्षकांचे तास छात्राध्यापकांच्या गळ्यात, आणि निरीक्षण वहीत शनिवारी एका बैठकीत आठवड्याचे शेरे: "पाठ चांगला. फलक लेखन सुधारावे." या शेऱ्याने कोणाचं अक्षर सुधारलं असेल तर दाखवा.

टाचणवही
शेऱ्याबद्दल शंभर टक्के. वर्गात कोण कुठे बसतं त्याचा आराखडा काढून, ज्याला प्रश्न गेला त्याच्या चौकोनात एक टिंब द्यावं. तास संपल्यावर कागद समोर ठेवला की काही सांगावं लागत नाही. टिंबं पुढच्या दोन रांगांत, शेवटच्या बाकांवर कोरं. प्रश्न आणि नाव पुकारणं यांत किती सेकंद गेले तेही कडेला लिहावं. बहुधा एकच निघतो. तीन थांबलं तर उत्तरं लांब येतात आणि जास्त मुलं बोलतात. त्याच दिवशी दहा मिनिटं बसायचं, दोनच गोष्टी सांगायच्या.

आणि सूक्ष्म अध्यापनातली (कॉलेजात छोट्या पाठांचा सराव होतो त्यातली) एक चांगली सवय शाळेत आल्यावर सुटते. तिथे 6 मिनिटं पाठ, 6 मिनिटं प्रत्याभरण (पाठ कसा झाला ते सांगणं), 12 मिनिटं पुनर्नियोजन, मग पुन्हा 6 आणि 6. शाळेत तोच पाठ पुन्हा घ्यायला मिळतच नाही. दोन तुकड्या असतील तर 'अ'ला दुसऱ्या तासाला आणि 'ब'ला चौथ्या तासाला तोच घटक लावून द्या. मधल्या तासात फलक आराखडा बदलता येतो.

प्रमेय
हे सगळं करूनही चूक निसटतेच, म्हणून माझा मुद्दा उरतोच. बोलायचं, पण विद्यार्थी होऊन. हात वर करायचा, परवानगी मिळेपर्यंत थांबायचं आणि विचारायचं, "सर, मग डिसेंबरमध्ये ऑस्ट्रेलियात उन्हाळा कसा?" दुरुस्ती त्याच्याच तोंडून होते.

मागचा बाक
सातवीची मुलं इतकी भोळी नसतात, सर. हात वर झाला की त्यांना कळतं काहीतरी चुकलंय. आणि त्याला उत्तर आलं नाही तर? तुम्ही त्याला भर वर्गात तोंडी परीक्षेला उभं केलंत.

प्रमेय
तर प्रश्न फळ्याच्या उजव्या कोपऱ्यात चौकटीत लिहायचा आणि खाली "उद्या". हे पहिल्याच दिवशी त्याच्याशी ठरवून ठेवायचं, म्हणजे त्यात अपमान वाटत नाही. चौकट पुसायची नाही, पुढचा तास इंग्रजीचा असला तरी.

ऑफ तास
इंग्रजीच्या बाई पुसतील. त्यांना अख्खा फळा लागतो.