आवाज ऐकला नसेल तर नुसत्या फोटोवरून प्रजात ठरवू नये

धागाकर्ता: ओळखीसाठी पक्ष्याचा फोटो आला की लगेच नाव सांगून मोकळं होणं मला खटकतं. परवाचाच पर्णवटवट्या (पानांत वावरणारा छोटा पक्षी, लीफ वॉर्बलर) घ्या. पानांआड बसलेला, पोट पिवळसर. सगळ्यांनी 'विलो वॉर्बलर' म्हणून टाकलं. अहो, पानांतून झिरपलेला उजेड पांढुरक्या पोटावर पडला की तेही पिवळंच दिसतं! त्याच्यासारखाच दिसणारा दुसरा पर्णवटवट्या, म्हणजे चिफचॅफ, असण्याची शक्यता कुणी बोललंच नाही. इंग्रज निसर्ग-अभ्यासक गिल्बर्ट व्हाइट यांनी १७६८ च्या पत्रात या जातकुळीतले तीन पक्षी वेगळे सांगितले, ते त्यांच्या आवाजावरून. आवाज नसेल तर 'पर्णवटवट्या, प्रजात अनिश्चित' एवढंच लिहावं.

प्रतिसाद १: साफ असहमत. रंग सोडा, मिटलेला पंख बघा. टर्शिअल पिसांच्या (पंखाच्या शरीराजवळच्या पिसांच्या) पुढे प्रायमरींची (पंखाच्या टोकाकडच्या लांब पिसांची) टोकं किती डोकावतात? विलोमध्ये जवळजवळ टर्शिअलइतकी, चिफचॅफमध्ये साधारण निम्मी. विलो सहारापलीकडे जातो, त्याला लांब पंख लागतातच. शिवाय चिफचॅफचे पाय काळपट, विलोचे बहुधा फिकट.

धागाकर्ता: 'बहुधा' तुम्हीच म्हणालात. गडद पायांचे विलोही असतात. आणि पक्षी थोडा तिरपा बसला की पंखाचं मोजमाप फसतं. संपर्काची हाक मात्र ऐका: चिफचॅफची एका दमात 'हुईत', विलोची 'हू-ईत' अशी दोन तुकड्यांत.

प्रतिसाद २: मग माशीमारांचं (फ्लायकॅचर पक्ष्यांचं) काय? लाल छातीचा आणि तैगा, बराच काळ एकच प्रजात मानले गेलेले. माद्यांचा गळा बघून काहीच कळत नाही. पण पाठमोरा फोटो मिळू द्या: शेपटीच्या मुळावरची पिसं शेपटीइतकी किंवा तिच्याहून काळी असतील तर तैगा. त्याची चोच जवळपास पूर्ण काळी, लाल छातीच्याची खालची चोच बुडाशी फिकट. इतकं स्पष्ट दिसत असताना 'अनिश्चित' लिहिणं म्हणजे हातातली नोंद घालवणं.

धागाकर्ता: माशीमारांचा मुद्दा मान्य, तिथे माझा नियम फारच कडक होता. पर्णवटवट्यांबाबत मात्र मी हटणार नाही.

प्रतिसाद १: मग निदान एवढं करू. विचारणाऱ्याकडून एक सुबक फोटो न घेता पूर्ण मालिका मागू, पुसट फोटोंसकट. दहांतल्या एखाद्यात तरी पंख सरळ बाजूने दिसतो.

धागाकर्ता: चालेल. परवाच्या पक्ष्याचे उरलेले फोटो आजच मागवतो. तोवर 'विलो' हे नाव खोडतो आहे.