मदत हवी आहे: दहावीतल्या मुलांशी ‘पुढे काय?’ हे कसं बोलावं?

नमस्कार. सातारा जिल्ह्यात माण तालुक्यातल्या एका माध्यमिक शाळेत मी गणित शिकवते, यंदा दहावीची वर्गशिक्षिका आहे. वर्गात ४१ मुलं. दिवाळीच्या सुट्टीनंतर सगळ्यांना कोऱ्या चिठ्ठ्या दिल्या. नाव घालू नका, दहावीनंतर काय करायचंय तेवढं लिहा, असं सांगितलं. लष्कर-पोलीस भरती, नर्सिंग, सायन्स, ‘घरचे म्हणतील ते’ असं काय काय आलं. एका चिठ्ठीवर होतं, ‘मैत्रीण घेईल ते’. आणि १४ चिठ्ठ्या कोऱ्याच परत आल्या. त्या १४ माझ्या डोक्यातून जात नाहीत.

२०२५ पासून अकरावीचे प्रवेश राज्यभर ऑनलाइन झाले. दहापर्यंत कॉलेजं पसंतीक्रमानं टाकता येतात. आमची मुलं सायबर कॅफेत जातात, कॅफेवाला विचारतो कुठलं टाकू, मुलं सांगतात, ‘सगळ्यांनी टाकलंय ते टाका’. पुढच्या दोन वर्षांची शाखा अशी पाच मिनिटांत ठरते.

दोन मुलांबद्दल सांगते, म्हणजे माझी अडचण कळेल.

एक मुलगा मेंढपाळ घरातला. आईवडील मेंढ्यांच्या वाड्यासोबत (कळप घेऊन) वर्षातले कितीतरी महिने बाहेर, हा आजीजवळ राहून शिकतो. कुठली मेंढी चरत नाही, कुणाचं पोट फुगलंय, लाळ्या-खुरकूत झालेलं जनावर वेगळं कसं बांधायचं, हे तो मला एकदा अर्धा तास सांगत होता. आणि ‘तुला काय चांगलं येतं?’ असं विचारलं की मान खाली घालून म्हणतो, ‘मला काय येत नाय मॅडम.’ मी जनावरांच्या डॉक्टरचं नाव काढलं. त्यानं कुणाला तरी विचारलं, त्यासाठी ‘नीट’ ही प्रवेश परीक्षा द्यावी लागते हे कळलं, आणि दुसऱ्या दिवसापासून भरतीच्या मुलांबरोबर पहाटे रस्त्यावर पळायला जायला लागला. भरतीला माझा विरोध नाही, आमच्याकडची कितीतरी घरं तिच्यावर उभी आहेत. पण हा भिऊन तिकडे गेला, हे मला बोचतं.

दुसरी मुलगी. चित्रकलेच्या इंटरमिजिएट ग्रेड परीक्षेत ए ग्रेड आहे. वडील म्हणतात, ‘चित्र काढून पोट भरत नाही, सायन्स घे, मग बघू.’ त्यांना उत्तर द्यायला तिच्याकडे काही नव्हतं. खरं सांगायचं तर माझ्याकडेही नव्हतं.

२०१६ पासून काही वर्षं बोर्डाकडून दहावीची कल चाचणी, म्हणजे मुलाचा ओढा कुठल्या क्षेत्राकडे ते पाहणारी चाचणी, व्हायची. तेव्हा एकाचा कल ‘गणवेशधारी सेवा’ असा निघाला होता. पोलीस सोडून त्यात आणखी काय येतं, हे ना त्याला माहीत होतं ना घरच्यांना. म्हणून विचारते: अशा मुलांना पुण्याला नेऊन अभिक्षमता चाचणी (मुलाला काय जमू शकेल ते पाहणारी) करून घेण्यात अर्थ आहे का? आणि चाचणी शक्य नसेल तर शाळेतल्या शाळेत काय करता येईल? फेब्रुवारीत बोर्ड सुरू होतं, हातात आठवड्याला एक शनिवारचा तास आहे.

प्रतिसाद १

मॅडम, मी शालेय समुपदेशक आहे. चाचणीबद्दल आधी. आवड आणि क्षमता या दोन वेगळ्या गोष्टी. आवड विचारली की मूल पाहिलेल्या कामांमधूनच निवडतं, आणि तुमच्या मुलांनी पाचसहाच कामं जवळून पाहिली असणार. क्षमतेची चाचणी थोडी वेगळी माहिती देते. पुण्यात ज्ञान प्रबोधिनीत, ठाण्यात आयपीएच या मानसिक आरोग्य संस्थेत अशा चाचण्या होतात. पण सगळ्या ४१ जणांना नेऊ नका. जे दोन वाटांमध्ये खरंच अडकलेत त्यांनाच न्या, आणि अहवालावर बोलायला पालकांपैकी एकाला सोबत घ्या. अहवाल नुसता हातात दिला की मुलं त्यातला एक शब्द उचलतात, तुमच्या त्या ‘गणवेशधारी सेवे’सारखा.

शनिवारच्या तासाला भाषण ठेवू नका. तालुक्यातलेच पशुवैद्यक, तलाठी, वायरमन, लॅबवाला, बँकेतल्या ताई, कुणीही बोलवा. प्रश्न मुलांनी विचारायचे: काल सकाळपासून रात्रीपर्यंत नक्की काय केलंत? यातलं काय कंटाळवाणं असतं? इथवर पोचायला किती वर्षं लागली, खर्च किती आला?

प्रतिसाद २

मीही मेंढ्यांच्या घरातलाच, आता पशुवैद्यक आहे. त्या मुलाला सांगा, नीट अवघड आहे हे खरं, पण शिरवळचं पशुवैद्यक महाविद्यालय त्याच्याच जिल्ह्यात आहे. एकदा नेऊन दाखवा. मला कुणी दाखवलं नव्हतं, मी चुकतमाकत पोचलो. अकरावीला बायोलॉजी घेतली की नीटची वाट उघडी राहते, आणि नाहीच जमलं तर सीईटी ही राज्याची प्रवेश परीक्षा देऊन बीएस्सी ॲग्री, म्हणजे शेतीची पदवी आहे, राहुरीच्या कृषी विद्यापीठाखाली.

तुमच्या वर्गासाठी फळ्यावर एवढं जरूर लिहा: कुठलं दार कधी बंद होतं. आर्ट्समधून बारावी केली की इंजिनिअरिंग, मेडिकल गेलं. सायन्समध्ये गणित सोडलं की इंजिनिअरिंग आणि आर्किटेक्चर गेलं. उलट सायन्सनंतर कॉमर्स-आर्ट्सकडे वळता येतं. ज्याला हातानं काम करायला आवडतं त्यानं दहावीनंतर पॉलिटेक्निक करावं, तीन वर्षांच्या डिप्लोमानंतर इंजिनिअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळतो. आयटीआयलाही कमी लेखू नका.

चित्रकार मुलीला बारावी कुठल्याही शाखेतून चालेल. मुंबईच्या जेजेचं बीएफए (कलेची पदवी), अहमदाबादच्या एनआयडी या डिझाइन संस्थेची परीक्षा, आयआयटी मुंबई घेते ती युसीड ही डिझाइनची प्रवेश परीक्षा, कुठेच सायन्सची अट नाही. आर्किटेक्चर करायचं असेल तरच गणित ठेवायचं. वडिलांना हे सांगताना ‘कला’ म्हणू नका, कामं दाखवा: पुस्तकाची पानं, औषधाच्या खोक्यावरची रचना, मोबाईलच्या ॲपवरची चित्रं, साडीचं डिझाइन. हे सगळं कुणीतरी पगार घेऊन करतं.

धागालेखिका

दोघांचेही आभार. शिरवळला फोन करते. बंद होणाऱ्या दारांचा तक्ता सोमवारीच फळ्यावर लिहीन, मीही तो कधी असा मांडला नव्हता. त्या मुलीच्या वडिलांना शनिवारी शाळेत बोलावलंय, ते शिवणकाम करतात. साडीचं डिझाइन त्यांना पटेल असं वाटतं. ग्राफिक डिझाइनमध्ये काम करणारं कुणी इथे असेल आणि त्यांच्याशी फोनवर दहा मिनिटं मराठीत बोलेल, तर कृपया व्यनि (खासगी निरोप) करा.