वायफाय जोडलेलं दिसतं, पण पानं उघडत नाहीत (मिंट २२, चिप ८८२१सीई)

निळी_शाई (प्रश्न)

लॅपटॉपवर लिनक्स मिंट २२ आहे, कर्नल (सिस्टिमचा गाभा) ६.८. वायफाय लगेच जोडलं जातं आणि सुरुवातीला वेगही चांगला असतो. पण काहीही डाउनलोड न करता थोडा वेळ नुसतं वाचत बसलं, की पुढचं पान उघडतच नाही. कोपऱ्यातलं चिन्ह मात्र जोडलेलंच दाखवतं, पट्ट्याही पूर्ण. वायफाय बंद करून परत चालू केलं की गाडी रुळावर येते. शिवाय झाकण मिटून उघडल्यावर कधीकधी नेटवर्कची यादीच रिकामी दिसते, मग रीस्टार्टशिवाय इलाज नाही. त्याच राउटरवर फोन आणि दुसरा लॅपटॉप व्यवस्थित चालतात.

आतापर्यंत तपासलेलं:
- 'एलएसपीसीआय -एनएनके' मध्ये कार्डाचा आयडी १०ईसी:सी८२१, म्हणजे आरटीएल८८२१सीई.
- 'आरएफकिल लिस्ट' मध्ये सॉफ्ट ब्लॉक आणि हार्ड ब्लॉक, दोन्हीपुढे 'नो', म्हणजे वायफाय कुठेही बंद केलेलं नाही.

शोधल्यावर उपायांचा ढीग सापडतो: ड्रायव्हर (कार्ड चालवणारा प्रोग्रॅम) बदला, कर्नल बदला, आयपीव्ही६ (इंटरनेट पत्त्यांची नवी पद्धत) बंद करा, पॉवर सेव्ह बंद करा. हे सगळं एकदम करायचं नाहीये. दोष नेमका कुठे आहे ते आधी कसं ओळखायचं?

---

तारायंत्र

एकदम करायचं नाही, हे फार बरं ठरवलंत. पाच बदल एकत्र केले की कशाने गुण आला ते कळत नाही, आणि पुढच्या अपडेटनंतर पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागते.

(कमांड इथे देवनागरीत लिहितोय. टर्मिनलमध्ये त्या रोमनमध्ये टाइप करा, फाइलींच्या वाटाही तशाच. तुमच्या कार्डाचं नाव 'आयडब्ल्यू डेव्ह' सांगेल. मी डब्ल्यूएलपी२एस० धरून चाललोय.)

एक टर्मिनल उघडून त्यात 'सुडो जर्नलसीटीएल -के -एफ' चालू ठेवा. कर्नलचे संदेश येतील तसे तिथे दिसत राहतील. मग लॅपटॉप तसाच सोडून द्या. या वेळात पिंग (समोरून उत्तर येतं का बघणारी छोटी हाक) चालू ठेवू नका. बरेच जण इथेच फसतात: दर सेकंदाला जाणारं पिंग कार्डाला झोपूच देत नाही, त्यामुळे दोष लपतो आणि 'आता तर चालतंय' असं वाटतं.

पान अडकलं की वायफाय बंद-चालू न करता या क्रमाने बघा:

१. 'आयडब्ल्यू डेव्ह डब्ल्यूएलपी२एस० लिंक'. यात 'कनेक्टेड टू' आणि सिग्नलचा आकडा दिसेल. उणे ५० ते उणे ६० डीबीएम म्हणजे उत्तम. उणे ७० च्या खाली गेला तर आधी जागेचा विचार करा, उणे ८० ला कोणतंही सेटिंग कामाला येणार नाही.

२. 'आयपी राउट'. 'डिफॉल्ट व्हाया' च्या पुढचा पत्ता राउटरचा, त्याला पिंग करा.

३. राउटर उत्तर देत असेल तर १.१.१.१ ला (इंटरनेटवरचा एक सार्वजनिक पत्ता) पिंग.

४. तेही चालत असेल तर एखाद्या संकेतस्थळाच्या नावाने पिंग.

राउटरच उत्तर देत नसेल तर दोष कार्ड, ड्रायव्हर किंवा रेडिओचा. तिथे डीएनएस (नावावरून पत्ता शोधून देणारी सेवा) आणि आयपीव्ही६ ला हात लावण्यात अर्थ नाही. राउटर उत्तर देतो पण १.१.१.१ देत नाही, तर राउटरच्या पलीकडे बघा. आकडा चालतो आणि नाव चालत नाही, तर डीएनएस: 'रिझॉल्व्हसीटीएल स्टेटस' मध्ये कार्डाखाली सर्व्हरचा पत्ता आहे का ते पाहा.

त्या क्षणीच्या कर्नल लॉगमधल्या ओळी इथे टाका. 'डीऑथेंटिकेटेड' (जोडणी तोडली) असं काही असेल तर पुढचा कारणाचा क्रमांकही. १५ असेल तर जोडताना होणारं चार टप्प्यांचं हस्तांदोलन (किल्ल्या जुळवण्याची देवाणघेवाण) वेळेत पूर्ण झालेलं नसतं, बहुतेकदा पासवर्ड चुकल्याने. ४ म्हणजे हालचाल नाही म्हणून राउटरने काढून टाकलं.

---

निळी_शाई

तसंच केलं. अडकल्यावर लिंक 'कनेक्टेड' होती आणि सिग्नल उणे ५२. राउटरला पिंग केलं तर एकही उत्तर नाही. डीऑथेंटिकेटेड कुठेच नाही, पण लॉगमध्ये ही ओळ परत परत येते:

'फर्मवेअर फेल्ड टू लीव्ह एलपीएस स्टेट'

मध्येच एकदा 'फेल्ड टू सेंड एच२सी कमांड' सुद्धा.

---

तारायंत्र

मग निदान झालं. एलपीएस म्हणजे कार्डाची कमी विजेवरची झोप. 'एच२सी' म्हणजे यजमानाकडून, अर्थात तुमच्या लॅपटॉपकडून, चिपला जाणारी आज्ञा. ड्रायव्हर कार्डाला ऊठ म्हणतोय आणि ते उठत नाहीये. राउटरच्या दृष्टीने तुम्ही अजून जोडलेलेच आहात, म्हणून चिन्हही बदलत नाही.

इथे झोपेचे तीन वेगवेगळे थर आहेत आणि लोक त्यांची सरमिसळ करतात, म्हणून जरा सविस्तर.

पहिला थर वायफायच्या मानकातलाच पॉवर सेव्ह. राउटर साधारण दर १०२ मिलिसेकंदांनी बीकन ('मी इथे आहे' अशी छोटी हाक) पाठवतो. कार्ड मधल्या वेळात रेडिओ बंद ठेवतं आणि बीकन ऐकण्यापुरतं उठतं. तुमच्यासाठी काही आलं असेल तर राउटर ते राखून ठेवतो आणि बीकनमध्ये तशी खूण करतो. हा थर चालू असला की राउटरचं पिंग कधी ३ मिलिसेकंद, कधी १०० च्या वर असं उड्या मारतं. तेवढ्याने जोडणी मरत नाही.

दुसरा थर खोल एलपीएस. यात चिपचा बराचसा भाग बंद होतो आणि उठवायला फर्मवेअरशी (चिपमधल्या प्रोग्रॅमशी) नीट बोलणं व्हावं लागतं. तुमची ओळ हेच बोलणं फसल्याचं सांगते.

तिसरा एएसपीएम. यात वायफाय झोपत नाही, कार्ड आणि मदरबोर्ड यांच्यातला पीसीआय एक्सप्रेसचा दुवा झोपतो. दुवा वेळेवर जागा झाला नाही तर आज्ञा चिपपर्यंत पोचतच नाही, आणि लक्षणं दुसऱ्या थरासारखीच दिसतात.

पहिला थर तात्पुरता बंद करून बघा: 'सुडो आयडब्ल्यू डेव्ह डब्ल्यूएलपी२एस० सेट पॉवर_सेव्ह ऑफ'. हे रीस्टार्टपर्यंतच टिकतं, म्हणून चाचणीला सोयीचं. कार्ड झोपायला गेलंच नाही तर खोल झोपेपर्यंतही पोचत नाही, त्यामुळे फरक पडण्याची शक्यता बरीच आहे.

मात्र खरा उपाय ड्रायव्हरच्या पर्यायांत आहे. '/ईटीसी/मॉडप्रोब.डी/' मध्ये 'आरटीडब्ल्यू८८.कॉन्फ' नावाची फाइल करून दोन ओळी लिहा:

ऑप्शन्स आरटीडब्ल्यू८८_कोअर डिसेबल_एलपीएस_डीप=१
ऑप्शन्स आरटीडब्ल्यू८८_पीसीआय डिसेबल_एएसपीएम=१

फाइलचं नाव '.कॉन्फ' नेच संपायला हवं, नाहीतर ती वाचलीच जात नाही. मग रीस्टार्ट. त्यानंतर '/सिस/मॉड्यूल/आरटीडब्ल्यू८८_पीसीआय/पॅरामीटर्स/डिसेबल_एएसपीएम' ही फाइल 'कॅट' ने वाचा, 'वाय' दिसायला हवं. दुसऱ्या पर्यायाचंही तसंच बघा. हे तपासणं टाळू नका. जुन्या लेखांमध्ये याच मॉड्यूलची (ड्रायव्हरच्या भागांची) नावं 'आरटीडब्ल्यू_पीसीआय' आणि 'आरटीडब्ल्यू_कोअर' अशी ८८ शिवाय दिलेली असतात. ती तुमच्या कर्नलवर लिहिली तर चूक दाखवणारा संदेशही येत नाही, ओळ नुसती पडून राहते आणि माणूस समजतो की उपाय केला पण गुण आला नाही.

---

रानवाट

तारायंत्रांच्या निदानाशी सहमत. पण पर्याय टाकण्याआधी चालू ड्रायव्हर कोणता आहे ते बघा, कारण वरच्या दोन ओळी फक्त कर्नलमधल्या ड्रायव्हरला लागू आहेत. 'एलएसपीसीआय -एनएनके' मध्ये कार्डाखाली 'कर्नल ड्रायव्हर इन यूज' ही ओळ असते. तिथे आरटीडब्ल्यू ने सुरू होणारं नाव असेल तर ठीक. 'आरटीएल८८२१सीई' असेल तर बाहेरून टाकलेला डीकेएमएस ड्रायव्हर (कर्नल बदलला की नव्याने बांधला जाणारा) चालू आहे. 'डीकेएमएस स्टेटस' मध्येही तो दिसेल.

कर्नल ५.९ पासून या चिपचा ड्रायव्हर कर्नलमध्येच आहे, त्यामुळे ६.८ वर बाहेरचा ठेवायचं कारण मला दिसत नाही. बाहेरचा ड्रायव्हर प्रत्येक कर्नल अपडेटला नव्याने बांधावा लागतो. त्या कर्नलचे हेडर (बांधणीला लागणाऱ्या फाइली) नसले की बांधणी फसते आणि अपडेटनंतर वायफाय गायब होतं. सिक्युअर बूट (फक्त ओळखीची सही असलेलेच प्रोग्रॅम सुरू होऊ देणारी सोय) चालू असेल तर आणखी एक अडचण: मॉड्यूलवर ज्या किल्लीने सही केली ती लॅपटॉपच्या फर्मवेअरकडे नोंदवलेली नसेल तर कर्नल ते 'की वॉज रिजेक्टेड बाय सर्व्हिस' म्हणून नाकारतो. ('मोकयुटिल --एसबी-स्टेट' ने सिक्युअर बूटची स्थिती कळते.)

काढायचा असेल तर 'सुडो एपीटी पर्ज आरटीएल८८२१सीई-डीकेएमएस'. हाताने बसवलेला असेल तर 'डीकेएमएस रिमूव्ह'. आणि एक गोष्ट हमखास राहून जाते: तो बसवताना कर्नलचा मूळ ड्रायव्हर ब्लॅकलिस्ट करायला (म्हणजे तो चालू होऊ नये अशी ओळ लिहायला) सांगितलेलं असतं आणि ती ओळ मागे राहते. 'ग्रेप -आर ब्लॅकलिस्ट /ईटीसी/मॉडप्रोब.डी/' करून आरटीडब्ल्यू८८ चा उल्लेख असलेली ओळ शोधा आणि काढा. ती राहिली तर दोन्ही ड्रायव्हर गेले, कार्ड आहे पण वायफाय नाही.

हे करताना नेट हवं असेल तर फोन यूएसबीने जोडून टेदरिंग चालू करा. लिनक्सला तो तारेचं नेटवर्क म्हणून दिसतो, बहुतेकदा वेगळं काही टाकावं लागत नाही.

---

निळी_शाई

ड्रायव्हर आरटीडब्ल्यू चाच आहे, डीकेएमएस स्टेटस रिकामं, ब्लॅकलिस्टमध्येही काही नाही. दोन्ही ओळी टाकल्या, दोन्हीकडे 'वाय' दिसतंय. आता रिकामं बसवलं तरी पान अडकत नाही, आणि ती एलपीएसची ओळ लॉगमध्ये परत आलेली नाही. झाकण उघडल्यावरही यादी भरलेली दिसतेय.

एकच गोष्ट उरली: ब्लूटूथ हेडफोन लावून काही ऐकत असताना वायफायचा वेग खूप पडतो. हा वेगळा दोष का?

---

कंपनसंख्या

वेगळा, आणि तो सेटिंगपेक्षा चिपच्या रचनेतून येतो. ८८२१सीई मध्ये वायफाय आणि ब्लूटूथ एकाच चिपवर आहेत आणि वायफायचा प्रवाहही (एका वेळी जाणारा डेटाचा ओघ) एकच. ब्लूटूथ २.४ गिगाहर्ट्झवर चालतं. वायफायही त्याच पट्ट्यावर असेल तर दोघांना वेळ वाटून घ्यावा लागतो, आणि आवाज तुटू नये म्हणून हेडफोनला आधी वेळ मिळतो.

वायफाय ५ गिगाहर्ट्झवर न्या. आधी 'एनएमसीएलआय डेव्ह वायफाय लिस्ट' मध्ये चॅनेलचा स्तंभ बघा. १ ते १३ म्हणजे २.४, ३६ पासून पुढे ५ गिगाहर्ट्झ. राउटर दोन्ही पट्ट्यांवर एकच नाव वापरत असेल तर जोडणीला पट्टा ठरवून देता येतो:

एनएमसीएलआय कनेक्शन मॉडिफाय "नेटवर्कचं नाव" ८०२-११-वायरलेस.बँड ए

इथे 'ए' म्हणजे ५ गिगाहर्ट्झ आणि 'बीजी' म्हणजे २.४. मग 'एनएमसीएलआय कनेक्शन अप' ने पुन्हा जोडा. ही सक्ती आहे हे लक्षात असू द्या: ५ गिगाहर्ट्झ भिंतींपलीकडे लवकर क्षीण होतं, आणि तो पट्टा पोचत नाही त्या खोलीत लॅपटॉप २.४ वर आपणहून उतरणार नाही, जोडणीच होणार नाही. परत मोकळं करायला 'ए' च्या जागी रिकामे अवतरण द्या. मला स्वतःला राउटरवर दोन पट्ट्यांना दोन नावं देणं जास्त पसंत आहे.

राउटरवर चॅनेल निवडता येत असेल तर ३६ ते ४८ मधलं घ्या. ५२ ते १४४ या चॅनेलांवर राउटरला रडारची चाहूल लागली की जागा सोडावी लागते, आणि तेवढा वेळ सगळ्यांची जोडणी तुटते. आणि ५ गिगाहर्ट्झचं नेटवर्क फोनवर दिसतं पण लिनक्समध्ये दिसतच नाही असं झालं, तर 'आयडब्ल्यू रेग गेट' करा. 'कंट्री ००' आलं तर देश ठरलेला नाही, म्हणून कार्ड काही चॅनेलांवर कमीच धाडस करतं. 'सुडो आयडब्ल्यू रेग सेट' च्या पुढे आपल्या देशाचा दोन अक्षरी कोड द्यायचा.

२.४ वरच राहावं लागलं तर १, ६ किंवा ११ चॅनेल आणि रुंदी २० मेगाहर्ट्झ. यूएसबी ३ ची हार्ड डिस्क किंवा हब लॅपटॉपला चिकटून असेल तर लांब केबलने दूर ठेवा. त्यांच्या विद्युत गोंगाटाचा काही भाग नेमका २.४ च्या पट्ट्यात पडतो आणि ब्लूटूथ, वायफाय दोन्हींना त्रास देतो.

---

तारायंत्र

@निळी_शाई, अजून एक चाचणी बाकी आहे. दोन्ही पर्याय एकत्र टाकले, पण तुमच्या मशीनला दोन्ही लागतातच असं नाही, आणि एएसपीएम बंद ठेवलं की बॅटरी थोडी जास्त खर्च होते. त्या फाइलमधल्या दुसऱ्या ओळीच्या सुरुवातीला '#' लावून रीस्टार्ट करा. 'कॅट' मध्ये आता 'एन' दिसेल. नेहमीचा वापर करा, मुद्दाम झाकण मिटून-उघडून बघा आणि रोज एकदा 'जर्नलसीटीएल -के -बी | ग्रेप आरटीडब्ल्यू' बघा. एलपीएस किंवा एच२सी ची ओळ परत आली तर '#' काढून टाका. नाही आली तर पहिली ओळ पुरेशी आहे.

पॉवर सेव्ह 'आयडब्ल्यू' ने बंद केलं असेल तर ते रीस्टार्टनंतर आपोआप पूर्ववत झालेलं आहे. ते कायमचं बंद करायची आता गरज नाही. पुढे कधी लागलंच, तर '/ईटीसी/नेटवर्कमॅनेजर/कॉन्फ.डी/' मधली मूळ फाइल बदलू नका. 'झेडझेड-पॉवरसेव्ह.कॉन्फ' अशी नवी करा आणि त्यात '[कनेक्शन]' खाली 'वायफाय.पॉवरसेव्ह = २' लिहा. २ म्हणजे बंद, ३ म्हणजे चालू. फाइली नावाच्या क्रमाने वाचल्या जातात, त्यामुळे शेवटी येणारी तुमची ओळ मूळ फाइलवर मात करते आणि पॅकेज अपडेट झालं तरी टिकते.